काठीवरचा दोनचा आकडा

चारपर्यंत मोजता आलं पाहिजे, एवढीच पात्रता त्या कामाला लागायची. सेडलाक मास्तर तर पोर्ट हार्मनच्या शाळेत गणित शिकवायचे, तेही एकूण अडतीस वर्षं. त्यामुळे गावच्या स्टोकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मैदानावर आकड्याची काठी त्यांच्या हातात आली तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती. रविवारी दुपारी चेंडू जिथे थांबेल त्याच्या रेषेत, मैदानाच्या कडेला, डोक्याहून उंच काठी घेऊन उभं राहायचं. काठीच्या टोकाला एक ते चार आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. संघाचा कितवा प्रयत्न चालू आहे ते सगळ्या मैदानाला त्यावरून कळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या हवाली करायचा. इतका सोपा हिशोब. आणि तोच हिशोब आज, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, मास्तरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला गेला होता आणि काही केल्या जुळत नव्हता.

"परत लाव," मास्तर म्हणाले.

नोरीनने लॅपटॉपवर ती फिल्म परत लावली. नोरीन त्यांची जुनी विद्यार्थिनी. क्लबाला यंदा साठ वर्षं झाली म्हणून क्लबाने तिला स्टोकर्सचा इतिहास लिहायला बसवलं होतं. नुसते विजय लिहायचे म्हटले असते तर बाईचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं असतं. पण पराभवांची पानं भरता भरता दोन वर्षं गेली, आणि त्यातच कोणा मेलेल्या छायाचित्रकाराच्या तळघरातून ही रिळं तिच्या हाती लागली.

"सर, नीट बघा. डिसेंबर चौऱ्याहत्तर, हंगामाचा शेवटचा सामना, ओमाहाविरुद्ध. सतरा-तेरा असे आपण मागे. शेवटचं दीड मिनिट. सात यार्डांवर गोलरेषा. पहिला प्रयत्न, पास खाली पडला. तुमच्या काठीवर एक. दुसरा प्रयत्न, वेंडेल टिबेट धावला, पाच यार्ड गेला. काठीवर दोन. आता आपल्या लोकांनी खेळ थांबवायला सांगितला. सगळे उभे आहेत. आता तुमच्याकडे बघा."

मास्तरांनी बघितलं. बर्फाच्या भुरभुरीत एक सडपातळ, ताठ माणूस काठी धरून उभा होता. छत्तीस वर्षांचे ते स्वतः. त्या माणसाचा उजवा हात पाट्यांकडे वर गेला. तिथे थोडा थांबला. आणि पाटी न बदलता खाली आला.

"खेळ पुन्हा सुरू झाला. हा खरा तिसरा प्रयत्न. काठीवर दोनच. टिबेटला अडवलं. मग तुम्ही तीनची पाटी लावलीत. हा खरा चौथा. परत टिबेट, परत अडवलं. सर, सामना इथे संपायला हवा होता. पण तुम्ही चारची पाटी लावलीत."

"आणि टिबेट आत गेला," मास्तर पुटपुटले.

"पाचव्या प्रयत्नात. त्या गडबडीत पंचांचाही हिशोब चुकला, आणि पुढे सगळ्यांनी तुमच्या काठीवरूनच मोजलं."

 आपण काहीतरी चोरलं होतं आणि ते आपल्याच घरात सापडलं, असं मास्तरांना वाटलं. पण चोरल्याचं मात्र आठवेना.

आता या सामन्याचं पोर्ट हार्मनला काय वाटतं, हे विचाराल तर गावात मारामाऱ्या होतील. त्या साली स्टोकर्स तेरा सामने खेळले आणि तेराच्या तेरा हरले. चौदावा जिंकला, तो हाच. अर्ध्या गावाने दुसऱ्या दिवशीचा पेपर काच लावून भिंतीवर टांगला. उरलेलं अर्धं गाव त्या दिवसाचं नाव निघालं की अजून तोंड वाकडं करतं. कारण सगळ्यात जो संघ खाली, त्याला कॉलेजातल्या पोरांमधून पहिली निवड. त्या वर्षी कॉलेजात कॉर्बिन वेल्स होता, चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा असा क्वार्टरबॅक दहा-वीस वर्षांत एखादाच निपजतो म्हणायचे. चौदाही सामने हरलो असतो तर वेल्स आपला होता. एक जिंकलो आणि वेल्स दुसऱ्या गावाला गेला. तिथे त्याने चार अजिंक्यपदं मिळवली. आपल्या वाट्याला टेक्ससचा एक धिप्पाड पोरगा आला. त्याचा गुडघा सरावाच्या तिसऱ्याच दिवशी गेला. तेव्हापासून स्टोकर्स जे खाली बसले ते बसलेच.

म्हणूनच त्या रविवारी सकाळी गावात कोणालाच काही कळत नव्हतं. संघाने जिंकावं म्हणून ओरडायचं की हरावं म्हणून? सेंट सिरिलच्या चर्चमध्ये फादरांनी वेदीपुढे उभं राहून सरळ सांगून टाकलं, "प्रभो, आम्हाला काय हवंय ते आता तूच बघ, आम्हाला कळेनासं झालंय." मैदानावर स्टोकर्स दोन यार्ड पुढे सरकले की लोक टाळ्या वाजवायला हात वर नेत आणि मध्येच खिशात घालत. मागच्या ओळीतला एक म्हातारा तर आपल्याच संघाला शिव्या घालत होता, "अरे गाढवांनो, पुढे काय जाताय!" आणि जिंकल्यावर तोच म्हातारा शेजाऱ्याच्या गळ्यात पडून रडला.

मास्तर स्वतः त्या सकाळी नाश्त्याला बायकोला काय म्हणाले होते, तेही त्यांना लख्ख आठवत होतं. "हिल्डा, आज हरलेलंच बरं." पाटीवाल्याने असं बोलू नये खरं तर. पाटीवाले आणि दहा यार्ड मोजायची साखळी धरणारे उभे राहतात पाहुण्या संघाच्या बाजूला, त्यांच्याच बाकाला खेटून; आणि आपलं गाव जिंको की हरो, चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही, हा नियम. मास्तरांनी तो एकतीस हंगाम पाळला. ओमाहाच्या पोरांनी त्यांना "प्रेताला नेणारा" असं नाव ठेवलं होतं, इतका तो चेहरा कोरा.

"सर," नोरीन म्हणाली, "पुस्तक शुक्रवारी छपाईला जातंय. हे मी लपवणार नाही. क्लबाला आवडो न आवडो, पाचवा प्रयत्न पुस्तकात येणार. पण त्यापुढे एक ओळ लागते. पाटीवाल्याने हे चुकून केलं, की मुद्दाम. ते फक्त तुम्हालाच माहीत."

"चुकून," असं मास्तरांच्या ओठावर आलं. पण पडद्यावर तो हात वर गेला होता. हात वर गेलेला माणूस विसरलेला नसतो. विसरलेल्या माणसाचा हात खिशात असतो.

"मी विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"तोवर मी 'नजरचूक' लिहून ठेवते," नोरीन म्हणाली, आणि जाताना दारात थांबली. "सर, तुम्ही एकदा माझी परीक्षेची वही फाडली होती. शेजारणीचं बघून लिहिलं होतं म्हणून. आठवतं?"

"नाही."

"मला आठवतं. म्हणून म्हणते, नजरचूकच असणार."

ती गेली आणि मास्तर तिथेच बसून राहिले. शेकडो वह्या फाडल्या होत्या त्यांनी. पोरं म्हणायची सेडलाक मास्तर स्वतःच्या आईलासुद्धा अर्धा गुण वाढवून देणार नाहीत. आणि अशा माणसाने भर मैदानात, साठ हजार माणसांपुढे, फसवाफसवी केली असेल तर? आणि केली असेल तर कशासाठी? सकाळी तर हरावं म्हणत होते!

बुधवारी सकाळी हिल्डा खाली आली तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात फरशी पुसायचा दांडा उभा धरून उभे होते. दांड्याच्या टोकाला त्यांनी कॅलेंडरची पानं चिकटवली होती. ते हात वर न्यायचे, थांबायचे, खाली आणायचे.

"झालं, डोकं गेलं वाटतं," हिल्डा म्हणाली.

"हात खाली का आला असेल, ते बघतोय."

"दुखला असेल."

"छत्तिसाव्या वर्षी?"

"मग बाजूपंचाने खूण केली नसेल. तूच सांगायचास ना, त्याने बोट दाखवल्याशिवाय पाटी बदलायची नाही म्हणून?"

ते खरं होतं. बाजूपंच बोटात रबराची पट्टी अडकवून प्रयत्न मोजायचा, आणि त्याने खूण केली की मगच पाटी. पण त्या वेळी बाजूपंच होता कुठे? ओमाहाचे लोक टिबेटचा गुडघा आधीच टेकला होता, म्हणजे त्याची धाव तिथेच संपली, म्हणून पंचांशी भांडत होते, बाजूपंच त्या गर्दीत शिरला होता. त्याने खूण केली नाही, हे शक्य होतं. मास्तर खुणेची वाट बघत थांबले, हेही शक्य होतं. मग खूण न होताच खेळ सुरू झाला तेव्हा ते ओरडले का नाहीत? एक हाक मारली असती तरी पुरे होतं.

"एमिल, ऐक," हिल्डाने त्यांच्या हातून दांडा काढून घेतला. "नजरचूक म्हण आणि मोकळा हो. मुद्दाम करायचा तुझा पिंडच नाही. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, तुला मुद्दाम एक थाप मारता आलेली नाही. माझ्या बहिणीला तोंडावर सांगितलंस की तिचा केक वाईट झालाय."

"वाईटच झाला होता."

"तेच म्हणतेय मी!"

मास्तरांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. सामन्यानंतरची एक गोष्ट त्यांना राहून राहून टोचत होती. काठी ठेवायला ते स्टँडखालच्या खोलीत गेले होते आणि बाहेर सगळं गाव नाचत असताना त्यांना वाटत होतं की हिशोब कुठेतरी एकाने चुकलाय. घर सोडून लांब आल्यावर गॅस बंद केला होता की नाही, असं वाटतं ना, तसं. मग कोणीतरी हातात बिअरचा ग्लास दिला, आणि ते वाटणं विरून गेलं. की त्यांनीच ते विरू दिलं?

त्यात आणखी एक पेच होता, आणि तो मोठा होता. येत्या रविवारी मध्यंतरात वेंडेल टिबेटचं नाव मैदानाच्या भिंतीवर लागायचं होतं. वेंडेल टिबेटने स्टोकर्ससाठी आयुष्यात एकच टचडाउन केलं होतं, म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली होती, ते हेच. त्यानंतर क्लबाने त्याला काढून टाकलं. त्याने इथेच टायरचं दुकान टाकलं, चाळीस वर्षं चालवलं, आणि आता दोन्ही गुडघ्यांत धातू घालून तीन गल्ल्या पलीकडे राहत होता. वेंडेल मास्तरांचा मित्र. मैत्री कधी झाली ते मास्तरांना नीटसं आठवत नव्हतं. तो आपला येऊ लागला आणि येत राहिला. रविवारी त्याचं नाव भिंतीवर लागणार आणि सोमवारी पुस्तकात छापून येणार की ते टचडाउन नव्हतंच. हे त्याला पुस्तकातून कळावं, हे मास्तरांना पटेना. गुरुवारी सकाळी त्यांनी कोट घातला.

"या मास्तर," वेंडेलने आतूनच हाक मारली. "दार उघडंच आहे. मी उठत नाही, उठायला अर्धा तास लागतो आणि तोवर तुम्ही जायला निघाल."

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. बर्फाने ओले झालेले बूट काढून हीटरजवळ ठेवलेले होते.

"कुठे जाऊन आलास?"

"तुमच्याच दारात. तुमचा रस्ता साफ करून आलो की आत्ता! तुम्ही चालत आलात तो काय आपोआप मोकळा झाला?"

बसून चालवायचं ते बर्फाचं यंत्र घेऊन वेंडेल दर हिवाळ्यात मास्तरांच्या दारातलं बर्फ काढायचा. यंत्र नव्हतं तेव्हा फावड्याने काढायचा. मास्तरांनी सुरुवातीला नको नको म्हटलं, मग सोडून दिलं.

"वेंडेल, तुझ्या त्या टचडाउनविषयी बोलायचंय."

"तुम्हीपण? काल क्लबाचा माणूस आला होता. भिंतीवरच्या पाटीवर 'चौथा प्रयत्न, एक यार्ड' असं लिहू का म्हणाला. म्हटलं, लिही बाबा तुला काय हवं ते."

मास्तरांनी कॉफीचा कप हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. वर्गात त्यांना कधी शब्द शोधावे लागले नव्हते.

"तो चौथा नव्हता, वेंडेल. फिल्म सापडली आहे. काठीवर एक आकडा मागे राहिला होता. माझ्याकडून. चौथ्या प्रयत्नात तुला अडवलं होतं. तू आत गेलास तो..."

"पाचवा होता," वेंडेल म्हणाला.

खोलीत हीटर घरघरत होता. 

"तुला माहीत होतं?"

"मास्तर, पहिला प्रयत्न पास होता. त्यानंतर चेंडू माझ्याकडे चारदा आला. चार आणि एक किती? गणित तुमचं, तुम्हीच सांगा. आणि ज्याला भिंतीवर आपटतात ना, त्याला कितीदा आपटलं ते बरोबर कळतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कोणाला सांगू? आणि तुमचं नाव घालवू? मी?" वेंडेल हसला, पण ते हसू लगेच मावळलं. तो खिडकीबाहेर बघत बोलायला लागला. "ते वर्ष तुम्हाला आठवत नसेल मास्तर. मला आठवतं. माझ्या हातून सात वेळा चेंडू निसटला होता. लोक मला 'साबण' म्हणायचे. मैदानात पाऊल टाकलं की साठ हजार तोंडं एकदम हुर्यो करायची. माझी आई इंडियानाहून एकदा बघायला आली, अर्ध्यातून उठून गेली. गाडीत जाऊन बसली. त्या शेवटच्या सामन्यात आमच्या कोचने सगळे चेंडू मला का दिले, माहीत आहे? हरायचंच होतं म्हणून. वेल्स हवा होता त्यांना. हरायला मी सगळ्यात भरवशाचा माणूस होतो."

मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. गावात कोणालाच ठाऊक नसावं.

"खेळ थांबला होता," वेंडेल पुढे म्हणाला, "आणि मी कितवा प्रयत्न ते बघायला तुमच्या काठीकडे बघितलं. तिसरा, हे मला माहीत होतं, पण तरी बघितलं. तुमचा हात पाटीकडे वर गेला. आणि तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सरळ माझ्या डोळ्यांत. आणि हात खाली घेतलात." खिडकीवरून नजर काढून तो मास्तरांकडे वळला.  "अख्ख्या गावात मला त्या दिवशी एक संधी जास्त कोणी दिली असेल, तर ती तुम्ही. तुमची माझी ओळखही नव्हती. त्या दोन्ही वेळा मला अडवलं आणि मी बर्फात पडलो होतो तेव्हा मनात म्हटलं, त्या माणसाने स्वतःचं नाव पणाला लावलंय, आता तरी ऊठ. नाहीतर मी कशाला उठतोय? टचडाउनचं काय घेऊन बसलात मास्तर. भिंतीवर चार लिहा, पाच लिहा, मला त्याचं काही नाही. मी इथे राहिलो तो तुमच्यामुळे. नाहीतर दुसऱ्याच दिवशी इंडियानाला जाणार होतो."

 मास्तरांना आता एक गोष्ट आठवत होती, इतके दिवस न आठवलेली, आणि ती अगदी स्पष्ट होती.

त्या दिवशी ओमाहाच्या लोकांनी बाकामागे तेलावर चालणारा मोठा पंखा आणून ठेवला होता, गरम हवेचा. ती वाफ मास्तरांच्या चष्म्यावर यायची आणि तिथेच गोठायची. पुसून पुसून ते वैतागले. सामन्याच्या तिसऱ्या सत्रातच त्यांनी चष्मा काढून कोटाच्या आतल्या खिशात टाकला होता. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःच्या काठीवरचा आकडासुद्धा मान मागे टाकून बघावा लागत होता. वीस यार्डांवर उभा असलेला माणूस म्हणजे बर्फात एक काळा डाग. कोणाच्या डोळ्यांत बघणार? त्यांना वेंडेल दिसलाच नव्हता. मैदानात उभ्या असलेल्या बावीस जणांतला एकही दिसला नव्हता.

मग हात वर का गेला आणि खाली का आला? गोठलेल्या हाताला पाटी सापडली नाही म्हणून? पाटी आधीच बदललीय असं वाटलं म्हणून? खुणेची वाट? की सकाळी हरावं म्हणणाऱ्या त्यांच्यातल्याच कोणाला तिथे अचानक जिंकावंसं वाटलं? मास्तरांनी मनातल्या मनात सगळीकडे हात घालून पाहिला. तिथे काहीच हाती लागेना.

वेंडेल त्यांच्याकडे बघत होता. त्र्याहत्तर वर्षांचा तो दांडगा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

"बघितलं होतंत ना मास्तर? की ते मीच आपलं... इतक्या वर्षांनी माणूस काहीही लक्षात ठेवतो."

गणित सोडवून टेबलापाशी येऊन उभी राहणारी पोरं असंच विचारायची, बरोबर आलंय ना सर? आणि चुकलेल्या उत्तराला बरोबर असं मास्तर अडतीस वर्षांत एकदाही म्हणाले नव्हते. त्यांना या माणसाची विलक्षण माया वाटली आणि तितकीच भीतीही वाटली.

"बघितलं होतं," मास्तर म्हणाले.

वेंडेलने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, मोठ्ठा आवाज करून.

"तुझा फोन दे," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"दे रे."

नोरीनने लगेच उचलला. तिच्या मागे कुठेतरी छपाईवाल्यांचा गलका चालू होता. "सर, बरं झालं फोन केलात. उद्या पानं जातायत. 'नजरचूक' तसंच ठेवते, तुम्ही फक्त हो म्हणा."

"खोड ते."

"काय?"

"खोड. मुद्दाम केलं असं लिही. माझं नाव घाल. पूर्ण नाव, एमिल सेडलाक, गणित शिक्षक."

 नोरीनचा आवाज एकदम हळू झाला. "सर, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? गावातले लोक म्हणतील, कॉर्बिन वेल्स तुमच्यामुळे गेला. सत्तेचाळीस वर्षांच्या हारी तुमच्या नावावर लावतील. शाळेत तुमच्या नावाचं बक्षीस आहे सर, ते काढतील."

"काढू देत."

"मला पटत नाही. तुम्ही असं करणार नाही."

"मग तू मला ओळखत नाहीस," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःलाही आता ती ओळख पटत नव्हती. "आणि वही फाडल्याबद्दल माफ कर. शेजारणीचं पाहिलं असशील, पण तुला उत्तरही येत असेल कदाचित. विचारायला हवं होतं मी."

"सर, ते जाऊ द्या. एवढंच सांगा. का केलंत?"

मास्तरांनी वेंडेलकडे बघितलं. वेंडेल रुमाल हातात चुरगाळून त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून फोनमधला एकेक शब्द त्याला ऐकू जात होता हे उघड होतं.

"तो पोरगा पार खचलेला दिसत होता," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, याला अजून एकदा धावू द्यावं."

त्यांनी फोन ठेवला. आपण आयुष्यातली पहिली थाप मारली, की सत्तेचाळीस वर्षं दडवलेलं खरं बोललो, ते त्यांना कळेना. आणि कळायला आता कोणतीच फिल्म उरली नव्हती. त्या दिवशी त्या पोराचा चेहरा कसा होता, ते त्यांना मैदानात दिसलं नव्हतं. आत्ता मात्र दिसत होता.